कशेडी लागली

उतेकर सिस्टर आयसीयूत आल्या की आधी पेशंटकडे बघत नसत. नातेवाइकांकडे तर नाहीच, आणि डॉक्टरांकडे बघण्याचा प्रश्नच नव्हता. त्या सरळ यंत्रापाशी जात आणि रक्ताच्या नळीला उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू लावत. पोराला ताप आहे का, हे बघायला आई कपाळाला लावते ना, तशी. मग ‘चाललंय’ एवढं म्हणून पर्स खुंटीला अडकवत. एखाद्या दिवशी बोटं नळीवर जरा जास्त रेंगाळली की आम्ही हातातलं काम टाकून तिकडे बघू लागत असू. कारण पुढचे शब्द ठरलेले असत, ‘कशेडी लागली.’

ज्यांना पोलादपूरच्या पुढे जाण्याची वेळ कधी आली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. कशेडी हा आमच्याकडचा घाट. ट्रक एकामागोमाग एक चढत असतात, वळणावर एखाद्याचा पाटा तुटतो, आणि मग मागच्या सगळ्या गाड्या खाली पोलादपूरपर्यंत उभ्या. ड्रायव्हर लोक रस्त्याकडेला चूल मांडून भात शिजवतात, इतकी सवड असते. सिस्टरांच्या मते रक्त याहून शहाणं नव्हतं. ‘एक थेंब थांबला, की मागचे सगळे काय झालं म्हणून चौकशीला थांबतात,’ असं त्या म्हणत. वैद्यकीय पुस्तकात रक्त साकळण्याची क्रिया चौदा पानांत आणि अनेक बाणांच्या आकृतीत दिलेली आहे. ती मी तीन वेळा पाठ केली होती आणि तीन वेळा विसरलो होतो. सिस्टरांचं हे एक वाक्य मात्र अजून विसरलेलो नाही.

हा शब्द त्यांनी नवऱ्याच्या गाडीतून उचलला होता. उतेकर एसटीत ड्रायव्हर होते, महाड-खेड गाडीवर. सिस्टरांचं माहेर कशेडीच्या अगदी पायथ्याशी. तिथे थांबा नव्हता. मुंबईला नर्सिंग शिकणारी ही मुलगी सुट्टीत घरी यायची, कंडक्टर ‘कशेडी लागली’ म्हणून पेंगणाऱ्यांना जागं करायचा, आणि ड्रायव्हरला नेमकं तिथेच ब्रेक तपासून बघावेसे वाटायचे. ती उतरायची. एसटीच्या नियमात अशा थांब्याची तरतूद नाही. पुढे त्या ड्रायव्हरने तिच्याशी लग्न केलं, त्यामुळे प्रकरण नियमात बसलं.

आमच्या हॉस्पिटलात त्या आल्या तेव्हा मी एम.डी. होऊन नुकताच पुण्याहून महाडला आलो होतो. सोबत चार किलोचं पुस्तक आणि त्याहून जड आत्मविश्वास. हॉस्पिटलचे मालक, ज्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणत असू, त्यांनी त्याच सुमारास मुंबईहून डायलिसिसचं एक जुनं यंत्र आणलं होतं. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाला. फोटोत यंत्र चांगलं आलं होतं. नंतर कळलं की त्याचा निम्माच भाग चालतो. रक्त फिरवणारा पंप ठणठणीत, बाकीचं सगळं शोभेचं. मग दोन महिने ते क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवण्यात आलं आणि रुमालावर फुलदाणी आली.

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वीस वर्षं काढून, मुदतीआधी नोकरी सोडून उतेकर सिस्टर गावी परतल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी फुलदाणी उचलून माझ्या हातात दिली, रुमाल काढला, पंप फिरवून पाहिला आणि विचारलं, ‘हे चालतं. हे काय करतात?’ दुसरं ‘हे’ म्हणजे मी होतो.

त्यांनी त्या निम्म्या यंत्राकडून पूर्ण काम करून घेतलं. ज्या पेशंटची किडनी बंद पडली आहे आणि रक्तदाब इतका खाली आहे की नेहमीचं चार तासांचं डायलिसिस सोसणार नाही, त्याचं रक्त हळूहळू, दिवसरात्र फिरवत ठेवायचं. वाटेत एक फिल्टर. त्यातून अंगातलं घाण पाणी खालच्या कॅनमध्ये उतरतं, आणि तितकंच चांगलं पाणी सलाईनच्या बाटल्यांतून परत द्यायचं. बस. सिस्टर फिल्टरला ‘गाळणं’ म्हणत. यात अवघड एकच होतं. रक्ताला प्लास्टिक आवडत नाही. शरीराबाहेर पडलं की ते घट्ट होऊ पाहतं, गाळण्याच्या केसाएवढ्या नळ्या बुजतात, आणि गाळणं गेलं की सगळं गेलं. ‘रक्ताला थांबायला शिकवावं लागत नाय, डॉक्टर. चालायला शिकवावं लागतं,’ त्या म्हणायच्या.

मी अर्थातच पुस्तक उघडलं. रक्त साकळू नये म्हणून हेपॅरिन नावाचं औषध देतात, त्याचा डोस वजनाप्रमाणे काढला आणि वहीत लाल शाईने चौकट केली. पहिल्याच पेशंटचं गाळणं तासाभरात बुजू लागलं. मी डोस वाढवला. परत बुजू लागलं. मी परत वाढवला, आणि आता मुंबईच्या एखाद्या प्राध्यापकाला फोन करावा म्हणून निघालो. तेवढ्यात सिस्टर चहा पिऊन आल्या. त्यांनी पांघरूण वर केलं आणि पेशंटचा दुमडलेला गुडघा सरळ केला. जांघेतली नळी मोकळी झाली, पंपाचा आवाज बदलला. ‘आधी रस्ता बघावा, मग ड्रायव्हरला शिव्या घालाव्यात,’ त्या म्हणाल्या. आणि मग अगदी गोड आवाजात, ‘काय, डॉक्टरसाहेब?’

हे एक सांगायचं राहिलं. त्या मला एरवी नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत. ‘डॉक्टरसाहेब’ ही पदवी मी काही मूर्खपणा केला तरच मिळायची. पहिल्या वर्षी मी बहुतेक वेळ डॉक्टरसाहेबच होतो.

एकदा मी हेपॅरिनऐवजी सायट्रेट वापरू या म्हणालो. परदेशात त्याची नवी पद्धत निघाली होती, ते वाचून माझं डोकं भरून गेलं होतं. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘त्यात दर दोन-चार तासांनी कॅल्शियम तपासावं लागतं ना?’ म्हणाल्या, ‘आपलं रक्त कुठं तपासायला जाणार? मुंबईला. आणि रिपोर्ट कधी येणार? तेराव्याला.’ मी वाचलेला कागद घडी घालून खिशात ठेवला.

कोंडिबा आखाडे आमच्याकडे आला तो ऐन पावसाळ्यात. पोलादपूरच्या वरच्या डोंगरावरच्या धनगरवाडीतला, म्हशी राखणारा, तीस-बत्तिशीचा गडी. चिखलात उघड्या पायांनी आठ दिवस काम केलेलं, मग ताप, मग डोळे हळदीसारखे पिवळे, मग लघवी बंद. लेप्टो. आमच्या भागात हा पाहुणा दरवर्षी येतो. कोंडिबाचं रक्त इतकं बिघडलं होतं की हिरड्यांतून, नाकातून वाहत होतं. म्हणजे त्याला यंत्रावर घालायलाच हवं होतं, आणि हेपॅरिनचा एक थेंबही द्यायची सोय नव्हती. दिलं असतं तर यंत्र छान चाललं असतं आणि कोंडिबा आतल्या आत रक्त जाऊन मेला असता. गाळणी शिल्लक होती दोन. तिसरं मुंबईहून निघालं होतं, पण दासगावच्या पुढे रस्त्यावर पाणी आलं होतं, आणि ते आणणारा माणूस तिथल्या टपरीवर भजी खात बसला होता. तसं त्याने फोन करून प्रामाणिकपणे कळवलंही.

सिस्टरांनी हेपॅरिनशिवाय यंत्र लावलं. पंपाचा वेग चांगला ठेवला, सलाईन गाळण्याच्या आधीच रक्तात सोडायला सुरुवात केली, शिवाय दर अर्ध्या तासाला वरून एक मोठा घोट सलाईन सोडून गाळणं धुवायचं. ‘डॉक्टर, मी अर्ध्या तासात जेवून येते. तुम्ही कायपण करू नका, नुसतं उभं ऱ्हावा. उभं ऱ्हायला जमतं ना?’ असं सांगून त्या गेल्या.

मला तेही जमलं नाही. दाराशी कोंडिबाची आई उभी होती. सत्तरीची, काटक, डोक्यावर घोंगडीची खोळ. तिने विचारलं, माज्या लेकाला काय करतायसा? मला वाटलं, नातेवाइकांशी संवाद साधला पाहिजे. मी यंत्राकडे पाठ करून म्हणालो, ‘आजी, रक्त यंत्राच्या संपर्कात आलं की त्यात गुठळ्या निर्माण होण्याची प्रक्रिया सुरू होते. ती टाळण्यासाठी आम्ही रक्त पातळ ठेवतो आहोत.’ एवढ्यात मागे यंत्राने शिट्टी मारली. मी वळून न बघताच हात मागे नेला, शिट्टी बंद करायचं बटण दाबलं आणि पुढे बोलत राहिलो. मुद्दा महत्त्वाचा होता. शिट्टी वाजते तेव्हा पंप थांबलेला असतो, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी मी प्रक्रिया समजावून सांगत होतो.

सिस्टर आल्या. बोटं नळीला लावली, आणि बराच वेळ लावूनच ठेवली. गाळणं काळंभोर झालं होतं.

‘कशेडी लागली,’ त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता बुजलेलं गाळणं काढलं, शेवटचं गाळणं पाकीट फोडून घेतलं, धुतलं, जोडलं. शेवटी म्हणाल्या, ‘भाषण चांगलं झालं काय, डॉक्टरसाहेब?’ मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. एक माणूस आणि एक गाळणं, आणि मधे मी.

पण माझ्या भाषणाचा खरा परिणाम अजून व्हायचा होता. इतक्या सगळ्या शब्दांतून म्हातारीने एकच शब्द उचलला होता, पातळ. ती आत आली, आणि तिच्या डोळ्यांदेखत सिस्टरांनी सलाईनची चिमटी उघडून लेकाच्या रक्तात पाणी सोडलं. तांबडं रक्त क्षणभर गुलाबी झालं. म्हातारीचा चेहरा असा झाला, की मी दोन पावलं मागे सरलो.

‘डाक्तर,’ ती म्हणाली, ‘आमी डोंगरावरली मानसं. माज्या सासूपास्नं पोलादपुरात घरोघर दूध घालतो. आजपातुर कुनी बोट दाखवलं नाय. आनि तू माज्या लेकाच्या रगतात पानी घालतोस? माज्या म्होरं?’

मी म्हणालो, ‘आजी, ते पाणी नाही, ते नॉर्मल सलाईन...’

‘पानीच त्ये! मला शिकवतोस? पातळ करतो म्हनून तूच बोललास. काड त्या नळ्या. मी माजा लेक घरी नेते. मरायचा आसंल तर घट्ट रगतानं मरंल.’

तिने खरंच नळीला हात घातला. मी सही, संमतिपत्र असं काहीतरी बोललो. एवढ्या पावसात, डोंगरावर, या अवस्थेत नेलं तर कोंडिबा वाटेतच संपला असता. आणि माझ्याजवळ तिला थांबवायला पुण्याची शुद्ध मराठी सोडून काही नव्हतं.

सिस्टरांनी तिचा हात धरला नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, ‘अगो बाय, दूध गाळून घालतेस, का तसंच?’

म्हातारी थबकली. ‘गाळल्याबिगर? म्हशीचं क्यास जातील लोकांच्या पोटात.’

‘कशानं गाळतेस?’

‘फडक्यानं.’

‘आनि दाट दूध हाय, फडक्याला साय धरली, खाली उतरत नाय. मग गो?’

‘मग फडकं धुते.’

‘तुझं फडकं तुला उघडून धुता येतं. माझं हे गाळणं बंद हाय, आतल्या आत धुवावं लागतं. म्हणून वरनं पाणी मारते. पाणी रक्ताला नाय गो, गाळण्याला मारते. आनि मारलेलं पाणी आत ठेवते काय मी? ती खाली कॅन बघ. घातलेलं सगळं तिकडं उतरतंय, वर तुझ्या लेकाच्या अंगातली घाण पन.’

म्हातारीने वाकून कॅन बघितली. आत पिवळसर पाणी ठिबकत होतं. तरी तिची खात्री पटेना. दुधाच्या धंद्यात माणूस तोंडी हिशोबावर विश्वास ठेवत नाही.

‘मग मोज,’ सिस्टर म्हणाल्या. ‘तुझं माप हाय ना जवळ?’

माप तिच्या बोचक्यात होतं. त्या सकाळी ती डोंगर उतरली ती आधी पोलादपूरची गिऱ्हाइकं करून, मग लेकाला बघायला. सिस्टरांनी तिच्या हातांत ग्लोव्हज चढवले, आणि आमच्या आयसीयूत, जिथे मी स्वच्छतेवर नुकतंच एक व्याख्यान दिलं होतं, तिथे एक धनगर म्हातारी उकिडवी बसून अर्ध्या लिटरच्या ॲल्युमिनियमच्या मापाने डायलिसिसचं पाणी मोजू लागली. तासाभरात लिटरच्या दोन बाटल्या आत गेल्या, म्हणजे तिची चार मापं. बाहेर आली साडेचार.

‘आर्धं जास्ती निगालं,’ ती म्हणाली.

‘ती अंगावरची सूज त्याच्या,’ सिस्टर म्हणाल्या. ‘मी पाणी घालणारी नाय गो. मी पन पोलादपूरचीच.’

त्यानंतर म्हातारी उठलीच नाही. सिस्टरांनी तिला नळीच्या वाटेवरची बोटभर कुपी दाखवली. गाळण्यातून निघालेलं रक्त पेशंटकडे परतताना तिच्यातून जातं. ‘हितं बघ. घट्ट व्हायला लागलं की आधी हितं कळतं.’ म्हातारीने आयुष्यभर हेच केलं होतं. दूध नासायच्या आधी कसं दिसतं, तूप कढताना कधी दाणा धरतं, हे तिच्या डोळ्यांना ठाऊक होतं. मला त्या कुपीत रक्त दिसायचं. तिला त्या रक्ताच्या कडेला चिकटू पाहणारा पहिला कण दिसायचा. ‘बाय, दाना धरतोय गो,’ असं तिने म्हणायचं आणि सिस्टरांनी चिमटी उघडायची. अर्ध्या तासाचा नियम मोडीत निघाला. म्हातारी सांगेल तेव्हा पाणी, एवढाच नियम राहिला. माझ्या एम.डी.च्या तीन वर्षांत हे कुठल्याच परीक्षेत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पाणी शिरलं आणि वीज गेली. आमच्याकडे जनरेटर होता. मोठ्या डॉक्टरांनी तो आवाज नको म्हणून अगदी खाली, जिन्याच्या पोटात बसवला होता. दर पावसाळ्यात बुडणाऱ्या महाडात जन्म घालवलेल्या माणसाने हे केलं होतं, हे विशेष. जनरेटर पाण्याखाली गेला आणि त्याचा आवाज खरोखरच बंद झाला.

पंप थांबला. सिस्टरांनी त्याच क्षणी बाजूचं झाकण उघडलं आणि आतलं हँडल हाताने फिरवायला घेतलं. ‘थांबलं की संपलं,’ त्या म्हणाल्या, ‘दुसरं गाळणं नाय.’ वीस मिनिटांनी त्यांचा हात भरून आला, मी घेतलं. मी जोरात फिरवायचो, मग दमायचो, मग हळू. ‘डॉक्टर, ही एसटी नाय, गचके देऊ नका,’ सिस्टर म्हणाल्या. उतेकरांसमोर हे वाक्य त्यांनी काढलं नसतं.

म्हातारीने मला कोपराने बाजूला केलं आणि हँडल हातात घेतलं. पन्नास वर्षं रवीने ताक घुसळलेला तो हात. एका लयीत, ना कमी ना जास्त. पंप विजेवर चालायचा तेव्हाही इतका नीट चालला नव्हता. थोड्या वेळाने तिने हात न थांबवता हळूच विचारलं, ‘बाय, येवढं घुसळतेय. लोनी तर नाय ना निगनार?’

सिस्टर हसल्या. मी त्यांना मोकळेपणी हसताना पाहिलं, ते बहुतेक तेवढंच एकदा. ‘निघालं तर डॉक्टरसाहेबांना देऊ. त्यांना गरज हाय,’ त्या म्हणाल्या.

दोन तास असे गेले. शेवटी मांडववाल्याचा जनरेटर हातगाडीवरून, गुडघाभर पाण्यातून आणला. त्यावर ‘शुभविवाह’ असं रंगवलेलं होतं. वऱ्हाड नसताना तो पहिल्यांदाच चालला असेल. पंप सुरू झाला, आणि सिस्टरांनी नळीला बोटं लावून ‘चाललंय’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरून मुंबईचं गाळणं आलं, तोपर्यंत ते शेवटचं गाळणं तग धरून होतं. आठवड्याभराने कोंडिबाला लघवी झाली. सगळं हॉस्पिटल बाटली बघायला गोळा झालं. सिस्टर म्हणाल्या, ‘नळाला पाणी सुटलं. आता बिल वसूल करू नका, सण करा.’

पुढे कित्येक वर्षं आखाड्यांचं दूध सिस्टरांच्या घरी येत राहिलं. म्हातारीने चरवी खाली ठेवली की सिस्टर दरवेळी विचारायच्या, ‘पाणी घातलंस काय गो?’ आणि म्हातारी दरवेळी उत्तर द्यायची, ‘तू घाल. तुजा धंदा त्यो.’ म्हातारी गेल्यावर कोंडिबा यायला लागला. त्याच्या आईने ती दोन तासांची कथा त्याला इतक्या वेळा सांगितली होती, की तो स्वतः बेशुद्ध होता हे विसरून सगळं पाहिल्यासारखं सांगायचा.

मग आमच्याकडे नवं यंत्र आलं. पडदा असलेलं, स्वतःच दाब मोजणारं, सतरा प्रकारच्या सूचना देणारं. कंपनीचा माणूस तासभर बोलला. सिस्टरांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, ‘बोलतं खूप. ऐकतं का?’ आणि त्याच्या नळीला बोटं लावून घरी गेल्या. त्यांच्या बोटांनी यंत्राच्या आधी कशेडी ओळखल्याचं मी चार वेळा तरी पाहिलं. कंपनीच्या माणसाला हे सांगायचं मी टाळलं.

आपलं पोट दुखतंय हे सिस्टरांनी मला सांगितलं, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. कॅन्सर सगळीकडे गेला होता. ‘मला कायपण करू नका. नुसतं उभं ऱ्हावा,’ त्या म्हणाल्या. पण जंतुसंसर्ग झाला, रक्तदाब पडला, किडनी बंद झाली, आणि मी त्यांना यंत्रावर घातलं. त्यातून बाहेर येऊन त्या जास्तीत जास्त महिनाभर जगल्या असत्या, तेही वेदनेत. हे मला माहीत होतं. तरी घातलं. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं, याशिवाय दुसरं कारण नव्हतं. शुद्धीवर आल्या तेव्हा नळ्या बघून म्हणाल्या, ‘बरं. दोन दिवस. तुमच्या समाधानासाठी, डॉक्टरसाहेब.’

दोन दिवस मी त्यांनी शिकवलेलं सगळं केलं. नळी मानेत होती, म्हणून मान सरळ ठेवली, ती दुमडू दिली नाही, गाळणं धुतलं. शिट्टी वाजली की आधी नळी बघितली, मग बटण दाबलं. उतेकर डबा घेऊन यायचे आणि तो न उघडता परत न्यायचे. दोन दिवस पुरे झाले त्या दुपारी कोंडिबा आला. दूध ठेवलं आणि खाटेशेजारी उकिडवा बसला, आईसारखाच, कुपीकडे बघत. बराच वेळ बसला. मग हळूच म्हणाला, ‘डाक्तर, दाना धरतोय.’

माझा हात चिमटीकडे गेला. सिस्टरांनी डोळे उघडले नाहीत. उजवा हात हळूहळू उचलला, बोटांची मागची बाजू स्वतःच्याच नळीला लावली आणि तशीच ठेवली.

‘कशेडी लागली,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी मारू नका, डॉक्टर. माझं गाव आलं. उतरवा मला.’

त्यांनी मला ‘डॉक्टर’ म्हटलं होतं. नुसतं. तरी माझा हात चिमटीवरून निघेना. अजून एक घोट सोडला असता, तर आणखी काही तास सहज चाललं असतं. मी उतेकरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते, हातात डबा.

‘थांबवा,’ ते म्हणाले. ‘तिथं स्टॉप नाय. पन तिच्यासाठी मी कायम थांबवायचो.’

मी पंप बंद केला.